शांतक्कांचं कपाट

मी घरात एखादी जुनी गोष्ट सांगायला बसलो की मुक्ता मध्येच हात वर करते. बोलत काही नाही, नुसता हात वर. मुक्ता माझी मुलगी. आता तिचीच मुलगी शाळेत जाते, पण हात अजून तसाच, कोपरात न वाकवता सरळ छताकडे. त्याचा अर्थ, "पप्पा, हे असं नव्हतं." मग मला थांबून मागे जावं लागतं आणि गोष्टीतल्या दहा फुटी नागाची पुन्हा तीन फुटी धामण करावी लागते. या वयात हे सोपं नसतं.

ही सवय तिला शांतक्कांनी लावली. खरं सांगायचं तर आमच्या घराण्यात तो हात पहिल्यांदा मीच वर केला होता, भर सभेत. त्याबद्दलही सांगायचंच आहे.

नव्वदच्या दशकात आम्ही पुण्याहून बंगलोरला आलो. नोकरी इलेक्ट्रॉनिक सिटीत, घर बनशंकरीत. आमच्या गल्लीच्या टोकाला एक लहानशी शाळा होती. दोन बैठी घरं, मध्ये मातीचं अंगण, त्यात करंजाचं झाड आणि मागे पत्र्याची शेड. दर शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीनंतर त्या शेडमध्ये तिसरीच्या मुलांचा एक तास असे. वेळापत्रकात त्याचं नाव 'गोष्टी व हस्तकला'. मुलं त्याला 'घरांचा तास' म्हणत.

तो तास शांतक्कांचा. त्या निपाणीकडच्या. मराठी आणि कन्नड दोन्ही एकाच वेगाने बोलत, आणि कुठल्या वाक्यात कुठली भाषा येईल ते त्यांना आधी माहीत नसावं. पन्नाशीच्या, ठेंगण्या. कमरेला नाडीने बांधलेली कात्री, खांद्याजवळ पदरात खोचलेली दोरा ओवलेली सुई. मुलं त्यांना धावत येऊन बिलगत ती नेहमी एका ठरावीक बाजूने. त्यांच्या बोटांवर कायम वाळलेला डिंक असे, आणि विचार करताना त्या तो सोलत बसत. तक्रार घेऊन आलेल्या पालकाला पाचही बोटं सोलून होईपर्यंत उभं राहावं लागे. तेवढ्यात निम्मी तक्रार आपोआप विरघळायची. हे मी अनुभवाने सांगतो.

त्यांची पद्धत अशी. जूनमध्ये प्रत्येक मुलाने एक चिठ्ठी उचलायची. तीत वर्गातल्याच दुसऱ्या मुलाचं नाव असे. वर्षभर ते तुझं घर. तिथे जायचं, बसायचं, विचारायचं. त्या घरातल्या मोठ्या माणसाकडून एक गोष्ट शिकायची, आणि त्या घरातली एक वस्तू आपल्या हाताने करायची. मग एका शुक्रवारी वर्गाला ती गोष्ट सांगायची. ते मोठं माणूस समोर पहिल्या बाकावर बसलेलं असे. सांगण्यात काही चुकलं तर त्याने हात वर करायचा.

स्वतःच्या घरचं मात्र कुणी सांगायचं नाही. मी एकदा विचारलं, असं का?

"आपल्या घरचं सांगताना माणूस फुगतोय वो," त्या म्हणाल्या. "दुसऱ्याच्या घरचं सांगताना जपून बोलतोय."

शेडच्या भिंतीला एक कपाट होतं. कुठल्याशा बंद पडलेल्या दवाखान्यातून आणलेलं, औषधाच्या बाटल्यांसाठी लहान लहान खण असलेलं. एक खण म्हणजे एक घर. खणात मुलांनी केलेली वस्तू आणि शेजारी चिठ्ठी: कुणाचं घर, कुणी सांगितलं. ते कपाट पहिल्यांदा उघडलं तेव्हा मी चपला काढल्या होत्या. कुणी सांगितलं नव्हतं.

आणि अक्कांचा एक प्रश्न होता. मूल काहीही सांगायला लागलं की, "केळिद्या?" म्हणजे, विचारलंस का? "मिस, त्यांच्याकडे भात हाताने कालवतात." "केळिद्या?" "मिस, त्यांचा देव मोठा आहे." "केळिद्या?" वर्षअखेर ती मुलं घरी आईवडलांनाही हेच विचारू लागत, आणि बनशंकरीतल्या बऱ्याच बापांची ठाम मतं त्या काळात ढासळली.

मुक्ता तिसरीत गेली त्या वर्षी तिच्या चिठ्ठीत डोरीनचं नाव निघालं. डोरीनच्या घरी नाताळात कुलकुल करतात. पिठाची गोळी कंगव्यावर दाबायची आणि गुंडाळायची, की रेघारेघांचा शिंपला होतो. मुक्ता डोरीनच्या आजीकडून ते शिकून आली आणि शाडूच्या मातीचे करायला बसली. तिचे शिंपले गोगलगायीसारखे व्हायला लागले. मी म्हटलं, आण इकडे. माझा कंगवा घेतला. आमच्या घरात सर्वांत कमी झिजलेला कंगवा तोच. वीस सुबक शिंपले करून दिले.

शुक्रवारी संध्याकाळी मुक्ता ते सगळे परत घेऊन आली, आणि सोबत शांतक्काही.

"हे तुमी केलासा?"

"थोडी मदत केली."

त्यांनी एक शिंपला उचलून उजेडात धरला. "आठ वर्षांच्या बोटाला एवढी घाई नसती. कंगवा कुठला?"

"माझा."

"डोरीनच्या आजीला विचारलासा काय?"

विचारलं नव्हतं. त्या घरी कुलकुलसाठी दरवर्षी कोरा कंगवा आणतात आणि तो केसांना कधी लावत नाहीत. सुनंदा, माझी बायको, आतून म्हणाली, "यांचाही जवळजवळ तसाच आहे." अक्का हसल्या नाहीत. निदान जिना उतरेपर्यंत तरी नाही. मुक्ताच्या गोगलगायी मात्र कपाटात गेल्या.

दुसरी गोष्ट जपानी साहेबांची. आमच्या कंपनीत एक मशीन बसवायला जपानहून इंजिनिअर आला होता. तेव्हाच शाळेत 'जगातील लोक' असं प्रदर्शन भरवायचं घाटत होतं. मुख्याध्यापिकांना थर्मोकोलची घरं आणि कागदी टोप्या हव्या होत्या. अक्का म्हणाल्या, "टोपी केली म्हणजे माणूस कळला काय?" आणि मला म्हणाल्या, "तुमच्या त्या पाहुण्यास्नी आणा की एकदा. मुलं विचारतील."

साहेब आले. मुलांच्या खुर्चीवर, गुडघे छातीशी घेऊन बसले. मला वाटलं, मुलं आता भूकंप, रोबो असलं काहीतरी विचारणार. तर तिसरीतली एक मुलगी उठली. "तुमच्या घरात कुणी आजारी पडलं तर काय खायला देतात?"

मशीनचा एकेक स्क्रू पाठ असलेला तो माणूस बराच वेळ आठवत राहिला. मग मोडक्या इंग्रजीत म्हणाला, पातळ भात. त्यात एक आंबट-खारट फळ. आई देत असे. वर्गात गलका झाला, "आमच्याकडे पण! आमच्याकडे लिंबाचं लोणचं!"

दुसरी मुलगी उठली. "घरातून बाहेर पडताना काय म्हणता?"

त्यांनी जपानीत सांगितलं आणि अर्थ सांगितला: मी जातो आणि येतो.

अक्का डिंक सोलत होत्या, त्या थांबल्या. खडू घेऊन फळ्यावर लिहायला लागल्या. कन्नड मुलांचं 'होगि बर्तीनि', जाऊन येते. तमिळ मुलांचंही तेच. आमचं 'येतो'. खाली जपानी. जातो असं नुसतं कुणीच म्हणत नव्हतं. परतीचं सगळ्यांनीच त्यात घालून ठेवलेलं. साहेबांनी फळ्याचा फोटो काढला. परतताना गाडीत ते एवढंच म्हणाले की आज रात्री आईला फोन करतो. तीन महिने मी त्यांच्याशेजारी बसून काम करत होतो. त्यांना आई आहे हे मला तेव्हा कळलं.

अशा बाईंच्या विरुद्ध मी काम केलं. होय, मीच. मी पालक समितीवर होतो, आणि कॉम्प्युटरवाला. शाळेत कॉम्प्युटर हवेत अशी सगळ्यांची मागणी होती. मी दोन पानी टिपण लिहून दिलं. त्यात शेवटी लिहिलं होतं, 'यासाठी मागील शेड सर्वांत योग्य. विलंब करू नये.' शेड कुणाची आहे हे लिहिताना माझ्या डोक्यातही आलं नाही. शाळेचे सेक्रेटरी म्हणाले, आधी अक्कांचा तास एकदा बघू. तास मोलाचा वाटला तर शेड त्यांची, नाहीतर जूनपासून कॉम्प्युटरची आणि शुक्रवारचा तासही कॉम्प्युटरचा.

त्या वर्षी तिसरीत डोरीनच्या धाकट्या बहिणीबरोबर रेहाना होती. मुक्ता चौथीत गेलेली, पण अक्कांनी आमचं घर चिठ्ठ्यांमधून काढलं नव्हतं. रेहानाला आमचं घर आलं.

एका रविवारी ती दादीला घेऊन आली. वहीला दोरीने पेन्सिल बांधलेली. आजारपणात काय? मऊ भात आणि मेतकूट, असं सुनंदाने सांगितलं. निघताना काय? येतो. तेवढ्यात तिचं लक्ष दिवाणावरच्या गोधडीकडे गेलं. माझ्या आईने शिवलेली, निळ्या-करड्या लुगड्यांची, आणि एका कोपऱ्यात लालभडक तुकडा.

"अंकल, ये कोने में लाल कायकू?"

आता खरं काय ते मला माहीत होतं. शाळेत असताना मी त्या गोधडीवर शर्टाला इस्त्री करत होतो. बाहेर भांडण ऐकू आलं म्हणून बघायला गेलो, आणि कोपरा जळाला. आईला सांगितलं, उंदरांनी कुरतडला. ती काही बोलली नाही, दुसऱ्या दिवशी तिथे लाल ठिगळ होतं. पण परमुलखात, दुसऱ्या घरातली दादी समोर बसलेली असताना, महाराष्ट्राच्या वतीने मी हे सांगायचं?

"आमच्या महाराष्ट्रात," मी सुरुवात केली. मी अशी सुरुवात केली की पुढचं मला काही माहीत नसतं असं समजावं. "आमच्या महाराष्ट्रात प्रत्येक गोधडीला एक लाल कोपरा असतो. वाईट स्वप्न कोपऱ्यातून आत शिरतं. लाल दिसलं की त्याला निखारा वाटतो. ते पळून जातं. शेकडो वर्षांची रीत आहे."

"कितने सौ?"

"तीनशे."

रेहानाने तीनशे लिहिलं. दादीने नखाने ठिगळाची कड जराशी उचलली, आत पाहिलं, आणि हळूच पुन्हा दाबून बसवली. मला वाटलं, शिवण बघतायत.

पुढच्या आठवड्यात शाळेच्या फाटकाशी अक्का भेटल्या. "मुक्ताचे पप्पा, त्या लाल तुकड्याचं तुमच्या आईस्नी विचारलासा काय?"

"हो हो," मी म्हणालो.

त्यांनी अंगठ्याचा डिंक सोलला आणि आत गेल्या.

रेहानाने वर्गातल्या प्रत्येकाकडून एक चिंधी मागून घेतली. मुक्ताने तिचा लहानपणचा फ्रॉक दिला. महिनाभर रेहाना आणि दादी वीतभर रुंदीची गोधडी शिवत होत्या. दाखवण्याच्या आदल्या दिवशी मुक्ता जेवताना सहज म्हणाली, "रेहानाने तिच्या स्वतःच्या चादरीला पण लाल कोपरा लावला. तिचे अब्बा दुबईला आहेत ना. तिला स्वप्न पडायचं की ते परत आले आणि त्यांना घरच ओळखू येत नाही. आता नाही पडत."

मी हातातला घास ताटात ठेवला. तसाच उठून कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर गेलो आणि पुण्याला आईला फोन लावला. पंचवीस वर्षांनी कबुली दिली.

"माहीत आहे," आई म्हणाली. "इस्त्रीच्या टोकासारखं तोंड असलेला उंदीर मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिला."

"मग बोलली का नाहीस? आणि लालच का लावलं? निळे तुकडे होते की."

"निळं लावलं असतं तर दिसलं नसतं," ती म्हणाली. "तुला रोज दिसावं म्हणून लाल. तू कधी बघितलंसच नाहीस ती गोष्ट वेगळी."

दुसऱ्या दिवशी शेड भरली होती. सेक्रेटरींच्या हातात माझं टिपण. पहिल्या बाकावर घरचं मोठं माणूस म्हणून मी, पलीकडे रेहानाची दादी. रेहाना कन्नड आणि इंग्रजी मिसळून सांगत होती, एकेका चिंधीवर बोट ठेवून. हे दीपाचं, हे मुक्ताचं. सेक्रेटरी मान डोलावत होते. मग तिचं बोट लाल कोपऱ्यावर आलं, आणि तिने नियमाप्रमाणे माझ्याकडे पाहिलं.

मी हात वर केला तर तिची झोप जाणार होती आणि अक्कांची शेडही. खोटं शिकवणारा तास कोण ठेवेल? न करावा, तर काय, तीनशे वर्षं होतीच पाठीशी. मी अक्कांकडे पाहिलं. त्या कपाटाला टेकून उभ्या होत्या. डिंक सोलत नव्हत्या. नुसत्या बघत होत्या, आणि त्या नजरेत कसलाही आग्रह नव्हता. तेच सहन होईना.

मी हात वर केला.

"हे चूक आहे," मी म्हणालो. "मी बनवून सांगितलं."

रेहानाचं तोंड एवढंसं झालं. मला वाटलं, अक्का आता काहीतरी सावरून घेतील. त्या फक्त म्हणाल्या, "रेहाना, केळु." म्हणजे, विचार त्यांना.

"फिर सच्ची क्या हुआ था?" तिने विचारलं.

मी सांगितलं. इस्त्री, भांडण, उंदीर. उंदराला मुलं खदखदून हसली. रेहाना हसली नाही, वहीत लिहीत होती. "अम्मी ने मारा?" नाही. "क्या बोले?" काही नाही. "फिर लाल कायकू?" मी आईचं फोनवरचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. माझी चूक मला दिसावी म्हणून.

तिने तीनशे वर्षांची ओळ खोडली, खाली नवं लिहिलं आणि मोठ्याने वाचलं: "मुक्ताच्या घरात चूक झाली तर झाकत नाहीत. लाल कापड लावतात."

पंचवीस वर्षं झाकणारा मी मान खाली घालून ऐकत होतो.

मग ती अक्कांकडे वळली. आवाज बारीक झाला होता. "और ख़्वाब वाला?"

अक्कांनी तिच्यासमोर बसकण मारली. "ते कुणाच्या घरात लागू पडलं?"

"मेरे."

"मग कुणाचं?"

रेहानाने विचार केला. दादीकडे पाहिलं. दादीने एकदाच मान हलवली. "फिर वो मेरे घर का," रेहाना म्हणाली.

अक्कांनी कमरेची कात्री सोडून तिच्या हातात दिली. मोठ्या माणसांनाही ती कात्री मिळत नसे. रेहानाने वहीतला स्वप्नाचा मजकूर चौकोनी कापला. अक्कांनी तो घेतला आणि आमच्या खणाऐवजी रेहानाच्या घराच्या खणात ठेवला. वर लिहिलं: सांगितलं मुक्ताच्या पप्पांनी. घर रेहानाचं.

बस. एवढंच. कुणाला खोटं पाडलं नाही, कुणाला माफ केलं नाही, कुणाची झोप गेली नाही. एक चिठ्ठी एका खणाऐवजी दुसऱ्या खणात गेली. मी आयुष्यात बरेच हुशार लोक पाहिले, पण इतक्या कमी हालचालीत इतकं काम करणारं माणूस पुन्हा पाहिलं नाही.

बाहेर पडताना दादी माझ्याजवळ थांबल्या. "कपडा जलने का रंग मैं पहचानती, बेटा," असं म्हणाल्या आणि पुढे गेल्या. अक्कांना कुणी सांगितलं असेल ते मला तेव्हा कळलं.

मी सेक्रेटरींना गाठलं. टिपण मागे घेतो म्हणालो. त्यांचे डोळे ओलावले होते. चष्मा पुसत म्हणाले, "फार छान तास. पण कॉम्प्युटर मागवून झाले हो. तुम्हीच लिहिलंय ना," आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. विलंब करू नये. उभ्या जन्मात माझं एकच टिपण कुणी इतकं मनावर घेतलं.

मे महिन्यात अक्कांनी कपाट रिकामं केलं. एकेक वस्तू ज्या घरची त्या घरी, स्वतः चालत पोचवली. आमच्याकडे आल्या तेव्हा दुपार होती. पिशवीतून वीतभर गोधडी काढून त्यांनी दिवाणावर मोठ्या गोधडीच्या लाल कोपऱ्याशेजारी ठेवली. सुनंदाने कॉफी दिली. मी क्षमा मागायला तोंड उघडलं तर म्हणाल्या, "स्वल्प साखर द्या की."

बंगलोरबाहेर होसकोटेजवळ एका शाळेत त्यांना काम मिळालं होतं. कारखान्यांत कामाला आलेल्या लोकांची मुलं, कुठकुठून आलेली. "किती भाषांची आहेत?" मी विचारलं.

"अजून विचारायचंय," त्या म्हणाल्या.

त्यांच्या कापडी पिशवीच्या बंदाला एक लाल ठिगळ होतं. ताजं, नव्या दोऱ्याचं. पिशवी कुठे फाटलेली दिसत नव्हती.

"अक्का, हे कशाचं?"

"माझी चूक," त्या म्हणाल्या. "घरं कपाटात ठेवली. कपाट उचललं की घरं गेली. घरं घरांतच ठेवायला पायजे होती." आणि कप खाली ठेवून उठल्या. "तिथं कपाट मागणार नाही."

दारात चपला घालताना त्या कन्नडमध्ये म्हणाल्या, "होगि बर्तीनि." मग, मी पुण्याचा म्हणून असेल, मराठीतही म्हणाल्या, "जाऊन येते."

मी गॅलरीतून पाहत राहिलो. कोपऱ्यावर बस उभी होती. अक्का चढल्या, खिडकीशी बसल्या, पिशवी मांडीवर घेतली. बस निघाली. चेहरा लगेच दिसेनासा झाला, पण खिडकीत ते लाल ठिगळ वळणापर्यंत दिसत होतं.